केमोस्टॅटमधील वायुवीजन: या चुका टाळा

केमोस्टॅटमध्ये, म्हणजे सतत ताजे पोषक माध्यम आत घेत आणि तेवढाच द्रव बाहेर सोडत पेशी वाढवणाऱ्या भांड्यात, हवेचा प्रवाह वाढवल्यानंतर पेशींची घनता घसरू लागली की बहुतेकांची नजर प्रथम विरघळलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर जाते. माझ्या मते आधी तपासायला हवे ते भांड्यातील द्रवाचे प्रत्यक्ष आकारमान. डायल्यूशन रेट म्हणजे ताशी आत येणारे माध्यम भागिले द्रवाचे आकारमान, आणि पंपाला कोणी हात लावला नसला तरी हवा हे आकारमान बदलून टाकते.

ठरावीक उंचीवर बसवलेल्या नळीतून जिथे द्रव बाहेर काढला जातो, तिथे बुडबुड्यांसह असलेली पातळी स्थिर राहते, द्रव नव्हे. नळी १ लिटरच्या खुणेवर असेल, ताशी ३०० मिलिलिटर माध्यम येत असेल आणि बुडबुड्यांचा वाटा ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला, तर द्रव ९५० वरून ८५० मिलिलिटरवर येतो आणि डायल्यूशन रेट ताशी ०.३२ वरून ०.३५ होतो. संवर्धन कमाल वाढदराच्या जवळ चालवले जात असेल, तर पेशी वाहून जाण्यास एवढा फरक पुरेसा असतो. म्हणून भांडे लोड सेलवर (वजन मोजणाऱ्या संवेदकावर) ठेवून वजनानुसार निचरा करावा. हा खर्च टाळू नये.

माध्यमाचा प्रवाह कमी असेल तर बाष्पीभवनही नडते. ३० अंश सेल्सिअसला मिनिटाला १ लिटर कोरडी हवा सोडल्यास ताशी सुमारे १.८ ग्रॅम पाणी उडून जाते. माध्यम ताशी २० मिलिलिटरच येत असेल तर हा वाटा ९ टक्के होतो. हवा आधी दमट करावी आणि बाहेर जाणाऱ्या वायूच्या वाटेवर कंडेन्सर (वाफेचे पुन्हा पाणी करणारे उपकरण) थंड ठेवावा.

यीस्टच्या संवर्धनात ऑक्सिजन अपुरा पडला तरी आकडे स्थिर दिसू शकतात, आणि हीच फसगत असते: पेशी ग्लुकोजचा काही भाग इथेनॉलकडे वळवतात, बायोमास (पेशींचे एकूण वस्तुमान) कमी राहतो, आणि आपण मात्र संवर्धन ग्लुकोज-मर्यादित आहे, म्हणजे वाढ ग्लुकोजच्या पुरवठ्यामुळेच अडते आहे, असे समजत राहतो. हे तपासण्यासाठी भांड्याचे वजन कायम ठेवून हवा थोडी वाढवावी. बायोमास वाढला तर मर्यादा ऑक्सिजनची होती. ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबच्या पडद्यावर बुडबुडा चिकटला असेल तर आकडा खोटा चढलेला दिसतो, हेही आधी पाहावे.

फेस मोडणारे अँटिफोम एकदम ओतल्यास ऑक्सिजनचे द्रवात उतरणे मंदावते, म्हणून ते थेंबाथेंबाने द्यावे. कोणताही बदल केल्यानंतर किमान ५ निवासकाळ थांबावे (एक निवासकाळ म्हणजे १ भागिले डायल्यूशन रेट). डायल्यूशन रेट ताशी ०.१ असेल तर हे ५० तास होतात, आणि त्याआधी घेतलेला नमुना स्थिर अवस्थेचा मानू नये.