कोलोस्टोमी बंद करायची आहे? खालचं आतडं विसरू नका

कोलोस्टोमी म्हणजे मोठं आतडं पोटावर बाहेर काढून मळ पिशवीत घेणं; पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. ते बंद करून आतडं पुन्हा जोडायच्या ऑपरेशनला जाताना आधार, रेशनकार्ड, रक्ताचे रिपोर्ट सांगायला नकोत. पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स मात्र मागून घ्याच. आतडं कुठं कापलं, खालचं टोक शिवून पोटात सोडलं की बाहेर आणलं, हे त्यातूनच कळतं.

आणि इथंच गडबड होते. ऑपरेशनआधी पोट साफ करायची पावडर तोंडावाटे जाते, स्टोमापर्यंत येते आणि पिशवीत उतरते. स्टोमापासून गुदद्वारापर्यंतचा तुकडा त्या वाटेवर नसतोच. पिशवीत नितळ पाणी आलं की घरचे म्हणतात, झालं साफ. झालेलं नसतं. खालच्या तुकड्यात महिनोन्‌महिने साचलेला चिकट आव असतो, वाळून त्याचे गोळे होतात. तपासणीसाठी बेरियम (एक्स-रेत दिसणारं पांढरं औषध) सोडलं असेल तर तेही तिथंच घट्ट बसतं. आतडं जोडायचं स्टेपलर बऱ्याचदा गुदद्वारातूनच घालतात, तेव्हा हा भाग साफ हवा. म्हणून भरतीची तारीख घेतानाच विचारा: खालचा एनिमा (गुदद्वारातून पाणी सोडून आतडं धुणं) कधी, कोण देणार? घरी मनाने देऊ नका, शिवलेलं टोक जोरात पाणी सोडल्यास फाटू शकतं.

लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, मळ काळा आणि चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी निदान तीन दिवस आधी बंद करावी लागते. भूलतज्ज्ञाला आपणहून सांगा.

दोन-तीन दिवस आधीपासून मऊ भात, गाळलेलं वरण, साल काढून उकडलेला बटाटा. मिसळ नको, मटकीची सालं आतड्यात राहतात. द्राक्षं हंगामात असली तरी नकोत. आदल्या दिवशी फक्त शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सूप, ओआरएस; दूध नाही, लाल सरबत नाही.

पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापानेच कालवा, बहुतेकदा दोन लिटर. गार करून दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. उलटी आली तर अर्धा तास थांबा. साखर घालू नका. पिशवी खालून उघडणारी, क्लिपची हवी. बंद पिशवी तासाभरात भरते आणि पातळ पाण्याने फ्लँज (पोटाला चिकटणारी पिशवीची चकती) सुटते, म्हणून दोन जादा फ्लँज, पेस्ट आणि जुनं कापड जवळ ठेवा. सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच नाशिकला भरती व्हावं. पावडर पिऊन एसटीत बसणं म्हणजे हाल. काही सर्जन पावडर देतच नाहीत, तेही चालतं. तरी खालच्या एनिमाचं विचाराच.

ऑपरेशननंतर सुरुवातीचे आठवडे दिवसातून अनेकदा, घाईने शी होते. झिंक ऑक्साइडचं मलम, पॅड, धुवायला तांब्या. पोट फुगलं, ताप आला, उलट्या सुरू झाल्या तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

खालचा एनिमा. विचारलात ना?