प्लॅटफॉर्म-व्यवसाय शिकायचा असेल तर आधी वाशीच्या बाजारात जा

प्लॅटफॉर्म-व्यवसाय म्हणजे विकणारे आणि घेणारे अशा दोन बाजूंना जोडून व्यवहारातून कमिशन घेणारा धंदा. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात अशा कंपनीत प्रॉडक्ट किंवा ऑपरेशन्सची नोकरी शोधणाऱ्यांनी पहिला धडा वाशीच्या एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजार समितीत) घ्यावा. शेतकऱ्याचा माल, अडत्या, खरेदीदार आणि माथाडी एका आवारात येतात, म्हणून तिथे भाव फुटतो. 2016 मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्य सरकारने केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. शुल्क किती, याइतकंच ते कोणाच्या माथी, यावरही बाजार हलतो. रोशे आणि तिरोल या फ्रेंच अर्थतज्ज्ञांचा 2003 चा गाजलेला निबंध याच मुद्द्यावर उभा आहे.

आता समजा, ठाण्यात घरदुरुस्तीचं ॲप काढायचंय. कळव्यापासून बेलापूरपर्यंत एकदम पसरू नका. घोडबंदर रोडवरचा मानपाडा ते कासारवडवली एवढाच पट्टा धरा. तीनशे रुपयांच्या नळदुरुस्तीसाठी बेलापूरचा प्लंबर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून घेणार नाही. मिळायला कठीण ती बाजू आधी जमवायची; इथे ती म्हणजे भरवशाचे कारागीर. वीसेक जणांना ठरावीक कामाची हमी द्या आणि मग एकेक सोसायटी जोडा. दोन्ही बाजूंना एकाच वेळी कूपनं वाटली की खरी गरज कोणाला आहे हे कळतच नाही.

हिशेब असा मांडा: काम 1000 रुपयांचं, कमिशन 15 टक्के, म्हणजे 150. कार्डाने पैसे आले आणि पेमेंट गेटवेने (ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या सेवेने) 2 टक्के घेतले तर 20 गेले. कूपन 100 चं. उरले 30. ओळख-पडताळणी, तक्रारींचे फोन आणि फसलेल्या कामाचा परतावा एवढ्यातच भागवायचा. नवे प्लॅटफॉर्म इथेच बुडू शकतात.

दुसरी गळती जास्त चिवट. कारागीर पहिल्याच भेटीत आपला नंबर देतो आणि पुढचं काम थेट घेतो. धुणीभांडी, शिकवणी अशा रोजच्या कामांत हे हमखास होतं, कारण माणूस तोच हवा असतो. वर्षातून एकदाच्या एसी दुरुस्तीत कमी. दंड लावून ते थांबत नाही. कामाची वॉरंटी, वेळेवर पैसे, सुट्या भागांचा घाऊक भाव असं बाहेर न मिळणारं काहीतरी द्यावं लागतं.

नवनिर्मिती होते ती दार उघडल्यावर. 2007 च्या आयफोनवर बाहेरच्यांची ॲप टाकण्याची सोय नव्हती; जुलै 2008 मध्ये ॲप स्टोअर सुरू झालं ते 500 ॲपनिशी. आपल्याकडे 2016 ला आलेल्या यूपीआयचे नियम सामाईक असल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप एकमेकांना पैसे पाठवू शकतात. मात्र दार उघडताना तपासणी ढिली राहिली की वाईट माल चांगल्याला हुसकावतो.

मुलाखतीला जाताना एका पिनकोडचा कागद तयार ठेवा: आलेल्या मागण्यांपैकी अर्ध्या तासात किती स्वीकारल्या गेल्या, 90 दिवसांत किती ग्राहक परत आले, कूपन वजा जाता एका कामामागे काय उरलं. डाउनलोडचा आकडा त्यात नको.