ग्रीन स्क्रीन लावताय? मग निदान या चुका तरी टाळा

लोक मला क्लिप पाठवतात आणि विचारतात, ताई यातला हिरवा नीट निघत नाहीये, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? मी दर वेळी म्हणते की आधी खोलीचा फोटो पाठव, कॅमेऱ्याच्या मागून काढलेला, ज्यात पडदा कुठे, लाइट कुठे आणि तू कुठे उभा राहतोस ते सगळं दिसेल. फोटो आला की बहुतेक वेळा क्लिप उघडायचीसुद्धा गरज पडत नाही. क्रोमा, म्हणजे मागचा हिरवा पडदा काढून तिथे दुसरं चित्र लावायचं काम, खोलीतच निघतो, कॉम्प्युटरवर फक्त त्याच्यावर शेवटचा हात फिरतो. हे पटलं नाही तर पुढचं वाचून फार फायदा नाही, कारण पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

पडद्याला चिकटून उभं राहणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिलीय की आता खरंच राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिरव्या पडद्यावर लाइट पडला की तो पडदाच एक भलामोठा हिरवा दिवा होतो. तुम्ही त्याच्यापासून दोन फुटांवर उभे असाल तर तो हिरवा उजेड तुमच्या खांद्यांवर, कानांच्या कडांवर, जबड्याखाली आणि सगळ्यात जास्त केसांच्या कडेला येऊन बसतो. याला स्पिल म्हणतात. आता सॉफ्टवेअर काय करतं, तर प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल आणि निळ्यापेक्षा हिरवा किती जास्त आहे ते बघतं आणि जितका जास्त तितकं ते ठिकाण पारदर्शक करतं. त्याला तुमचा कान आणि पडदा यातला फरक कळत नाही, कानाची कड हिरवी दिसली की त्याच्या हिशोबाने तोही अर्धा पडदाच. मग कान अर्धवट गायब होतो, तुम्ही स्लायडर मागे घेता, कान परत येतो पण केसांभोवती हिरवी झालर राहते, स्लायडर पुढे नेता, झालर जाते आणि केसही जातात. हा खेळ रात्रभर चालतो.

मी स्वतः या खेळात अडकले होते. ओळखीच्या एका शिक्षिकेचे गणिताचे 12 धडे शूट करायचे होते, हाताशी एकच दिवस, खोली लहान, आणि समोर टेबल असल्यामुळे त्यांना पडद्यापासून जेमतेम हातभर अंतरावर उभं केलं. त्यांचे केस पिकलेले आणि अंगात पांढरा शर्ट. पिकलेले केस आणि पांढरा कपडा या दोन्हींचा स्वतःचा रंग जवळपास नसतोच, त्यामुळे बाजूचा हिरवा त्यांच्यावर लगेच चढतो, पण शूट चालू असताना हिरव्यावर हिरवा दिसत नाही म्हणून मॉनिटरवर सगळं छान वाटत होतं. संध्याकाळी सामान आवरलं आणि रात्री पहिला धडा उघडला तर खांदे विरघळलेले आणि केस कात्रीने कापून चिकटवल्यासारखे. डीस्पिल, म्हणजे सॉफ्टवेअरमधली स्पिल घालवायची सेटिंग, वाढवलं तर हिरवा गेला पण कडांना गुलाबी झाक आली आणि चेहरा मलूल झाला. शेवटी प्रत्येक धड्यात केसांना वेगळा मास्क (चित्राचा तेवढाच भाग वेगळा करणारा आकार), खांद्यांना वेगळा मास्क, आणि त्या हलल्या की मास्क परत हलवायचे, असं करत करत तीन आठवडे गेले. त्यातले दोन धडे इतके बिघडले होते की परत शूट केले. या वेळी टेबल बाहेर काढलं आणि त्यांना पडद्यापासून चांगलं 2 मीटर पुढे आणलं. तोच कॅमेरा, तोच पडदा, तोच शर्ट, आणि क्रोमा दहा मिनिटांत निघाला. त्या दिवसापासून मी अंतर मोजल्याशिवाय कॅमेरा चालू करत नाही.

तर अंतर 2 मीटर ठेवा, अगदीच जमत नसेल तर दीड, त्याखाली मी जात नाही. खोली लहान आहे हे कारण सगळे सांगतात. मग पडदा एका कोपऱ्यात लावा आणि कॅमेरा समोरच्या कोपऱ्यात न्या, खोलीत सगळ्यात लांब अंतर कर्णावर मिळतं. आणि पडदा पूर्ण फ्रेम भरत नाही म्हणून लोक माणसाला मागे ढकलतात, ते तर अजिबात करू नका. पडदा फक्त तुमच्या शरीराच्या आणि हलणाऱ्या हातांच्या मागे असला की पुरे. बाकीची भिंत, कपाट, लाइटचे स्टँड हे सगळं गार्बेज मॅटने म्हणजे साध्या मास्कने एका मिनिटात कापता येतं. उभ्या माणसाचं शूट असेल तर कॅमेरा आडवाऐवजी उभा फिरवून बघा, त्याच पडद्यात माणूस जास्त पिक्सेलमध्ये मावतो.

एकाच लाइटवर दोघांचं काम भागवणं

पडद्याचे लाइट वेगळे, माणसाचे वेगळे. एकच लाइट समोरून लावला की तुमची सावली पडद्यावर पडते आणि तिथला हिरवा काळपट होतो, मग सॉफ्टवेअरला एका हिरव्याऐवजी तीन हिरवे काढावे लागतात. पडद्याला दोन्ही बाजूंनी सारखे दोन लाइट तिरके लावा आणि ते पडद्यापासून जरा लांब ठेवा. लाइटपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे लाइट अगदी पडद्याच्या कडेला ठेवला की कड भगभगीत आणि मध्य अंधारा होतो. लांब नेला की फरक कमी होतो.

आणि पडदा उजळून टाकायचा नाहीये! नवीन लोकांना वाटतं जितका हिरवा चमकेल तितका सहज निघेल, पण तो जितका चमकेल तितका तुमच्यावर स्पिलही जास्त. उजेड सारखा हवा, प्रखर नको. ज्यांच्याकडे वेव्हफॉर्म (चित्रातला उजेड 0 ते 100 च्या आलेखात दाखवणारी सोय) आहे त्यांनी पडद्याची रेघ साधारण 40 ते 60 च्या मध्ये आणि शक्य तितकी बारीक, सपाट ठेवावी. नसेल तर माझी सवय सांगते, मोबाईलवर नुसत्या पडद्याचा फोटो काढायचा आणि एडिटमध्ये कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवायचा. जिथे डाग, पट्टे, ढग दिसतील तिथे लाइट हलवायचा आणि परत फोटो काढायचा. याला पाच मिनिटं लागतात आणि तेवढी पाच मिनिटंसुद्धा लोक देत नाहीत.

सुरकुत्यांचंही तेच. सुरकुतीची स्वतःची काही अडचण नसते, तिची बारीक सावली पडते ती अडचण असते. कापड क्लिपा लावून सगळ्या बाजूंनी ताणा, उरलं तर वाफेची इस्त्री फिरवा. पंखा बंद करा नाहीतर कापड हलतं आणि सुरकुत्याही हलतात. चकाकणारं कापड घेऊच नका, त्यावर लाइटचे पांढरे ठिपके येतात आणि पांढरा हिरवा म्हणून कधीच निघत नाही.

मोबाईलला सगळं ऑटोवर सोडून देणं

हा माझा दुसरा दुखरा भाग. पडदा नीट, लाइट नीट, अंतर नीट, आणि तरी कडा करवतीसारख्या दातेरी का येतात, असा प्रश्न आला की मी रेकॉर्डिंगबद्दल विचारते.

मोबाईल आणि बहुतेक घरगुती कॅमेरे व्हिडिओ 4:2:0 मध्ये साठवतात. म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात पण रंगाची माहिती चार पिक्सेलच्या चौकटीत एकदाच. तुमचा व्हिडिओ 1920 बाय 1080 असला तरी त्यातला रंग फक्त 960 बाय 540 इतकाच बारीक असतो. डोळ्याला हे कळत नाही, पण क्रोमाचं सगळं काम रंगावरच चालतं, त्यामुळे त्याला ते चांगलंच कळतं. म्हणून फायनल व्हिडिओ 1080 चा असला तरी शूट 4के मध्ये करा, मग खाली आणताना प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती, जितका जास्त देता येईल तितका द्या. आणि मेसेजिंग अॅपवरून पाठवलेली क्लिप कृपा करून क्रोमाला वापरू नका, तिच्यातला रंग आधीच चिरडलेला असतो. केबल लावा आणि मूळ फाइल घ्या.

मग ऑटो एक्सपोजर, म्हणजे चित्र किती उजळ ते कॅमेऱ्यानेच ठरवणं. तुम्ही काळी वही कॅमेऱ्यासमोर धरली की मोबाईल अख्खं चित्र उजळतो, पडद्याचा हिरवा बदलतो, आणि क्लिपच्या सुरुवातीला लावलेली सेटिंग मधेच फसते. ऑटो व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे रंगांचा तोल आपोआप ठरवण्याचं, त्याहून वाईट, समोर इतका हिरवा बघून तो गोंधळतो आणि चेहऱ्यात गुलाबी ओततो. एक्सपोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. आयफोनवर स्क्रीन दाबून धरली की फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं, पण मी सरळ मॅन्युअल कंट्रोल देणारं कॅमेरा अॅपच वापरते. वेबकॅमवाल्यांनी ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर) कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ऑटोच्या खुणा काढाव्यात, तिथे सगळं हाताशी असतं पण कोणी तिकडे जातच नाही. ब्यूटी मोड बंद, पोर्ट्रेट मोड बंद, शार्पनेस शक्य तितका खाली. शार्पनेस कडेला एक बारीक रेघ काढून ठेवतो आणि ती रेघ नंतर कशानेही जात नाही.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते, 1/50 किंवा 1/60 सेकंद, तुमच्याकडची वीज 50 हर्ट्झची की 60 ची त्याप्रमाणे, म्हणजे लाइट लुकलुकणार नाहीत. हात खूप हलवणार असाल तर शटर दुप्पट करा, हाताच्या पुसट झालेल्या कडा कमी होतील.

कपडे आणि अंगावरच्या वस्तू

हिरवं घालू नका हे सगळ्यांना माहीत असतं, पण मेंदी, शेवाळी, मोरपंखी, पोपटी हे सगळे त्यातच येतात हे शूटच्या दिवशी आठवतं. चष्म्याच्या काचेत पडदा दिसत असेल तर मान किंचित खाली घ्या किंवा चष्म्याच्या दांड्या कानावर थोड्या वर उचला. चकचकीत घड्याळ काढा. हातात कुंडीतलं झाड घेऊन बोलायचंय तर निळा पडदा लावा, भांडू नका. घरच्या कामात मी हिरवाच धरते कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्याचे असतात, लाल आणि निळ्याचे प्रत्येकी पाव, त्यामुळे हिरव्यात दाणे कमी येतात आणि निळ्याइतका लाइट लागत नाही.

आणि सुरुवातीलाच पायापर्यंतचा शॉट घेऊ नका. जमिनीवरचा हिरवा आणि पायांची सावली हे वेगळं प्रकरण आहे, कमरेपर्यंतचा शॉट आधी पक्का जमू दे.

सॉफ्टवेअरमध्ये

इथे एकच सवय लावून घ्या. रंगीत चित्राकडे बघून स्लायडर ओढू नका, मॅट बघा, म्हणजे काय राहणार आणि काय पारदर्शक होणार ते दाखवणारं चित्र. एडिटिंगचं सॉफ्टवेअर रिझॉल्व्ह असो, प्रीमियरचा अल्ट्रा की असो की आफ्टर इफेक्ट्समधला कीलाइट, सगळ्यांत काळापांढरा मॅट दाखवायची सोय आहे. माणूस पूर्ण पांढरा, पडदा पूर्ण काळा, आणि केसांच्या कडेला राखाडी हवा. तो राखाडीच तुमचे सुटे केस असतात. लोक काळापांढरा ताणून ताणून राखाडी मारून टाकतात आणि मग विचारतात केस खोटे का दिसतात. चेहऱ्याच्या आत राखाडी ठिपके असतील तर सगळी सेटिंग ताणायची नाही, आतल्या भागावर एक मास्क ठेवून तो भरून टाकायचा आणि कड मऊच सोडायची.

रंग उचलताना ड्रॉपर चेहऱ्याजवळच्या हिरव्यावर मारा, कोपऱ्यातल्यावर नको, कोपरा तसाही गार्बेज मॅटमध्ये जाणार. आधी क्रोमा, मग डीस्पिल, मग कलर करेक्शन. लॉगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या फिक्या, सपाट रंगाच्या मोडमध्ये शूट केलं असेल तर तेवढं मात्र आधी साध्या रंगात आणा.

शूटच्या आधीच मागे कुठलं चित्र लावणार ते ठरवा. उजवीकडे खिडकी असलेलं ऑफिस मागे लावायचं आणि चेहऱ्यावर उजेड डावीकडून, मग क्रोमा कितीही स्वच्छ असला तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतंच. चित्रातली क्षितिजरेषा आणि तुमच्या कॅमेऱ्याची उंची जुळायला हवी, आणि मागचं चित्र किंचित ब्लर करा, खऱ्या खोलीत माणूस फोकसमध्ये असला की भिंत तितकी धारदार दिसत नाही. मी शूटच्या आधी ओबीएसमध्ये ते चित्र लावून माणसाला प्रत्यक्ष त्यात उभं करून बघते, सगळे घोळ तिथेच समजतात.

आता कोणीतरी म्हणणारच की एआय एका क्लिकमध्ये बॅकग्राउंड काढतं, एवढा खटाटोप कशाला. मीटिंगसाठी खुशाल वापरा. पण बोटांच्या मधली फट, खुर्चीच्या हातामधली जागा, वाऱ्यावर उडणारी बट, हातात धरलेली वस्तू, इथे ते अंदाज बांधतं आणि प्रत्येक फ्रेममध्ये अंदाज थोडा वेगळा निघतो, मग कडा थरथरतात. तुम्ही शिकवताय, काहीतरी हातात धरून दाखवताय, तर तो थरथराट लोकांचं लक्ष तुमच्या बोलण्यावरून उडवतो. शॉर्टकटला माझा विरोध एवढ्याचसाठी आहे की तो चालतोय असं पहिल्या तीस सेकंदांत वाटतं आणि फसलाय हे अर्धा तास शूट झाल्यावर कळतं. म्हणून शूटच्या आधी वीस सेकंदांची टेस्ट घ्या, हात हलवा, मान फिरवा, ती कॉम्प्युटरवर नेऊन खरोखर क्रोमा काढून बघा आणि मगच पूर्ण रेकॉर्डिंग सुरू करा.

काम झालं की कापड घडी घालून ठेवू नका, पाइपवर गुंडाळा, घडीच्या रेषा पुढच्या शूटला जशाच्या तशा पडद्यावर येतात आणि त्या इस्त्रीनेही लवकर जात नाहीत.