साईट हलली की नेम चुकला? आधी खात्री, मग हातोडी

रायफलच्या गोळ्या सारख्या एकाच बाजूला जाऊ लागल्या की हात आधी साईटच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, स्क्रूकडे जातो, आणि निम्म्या भानगडी तिथूनच सुरू होतात. तीन गोळ्या मारल्या, साईट थोडी फिरवली, पुन्हा तीन मारल्या, पुन्हा फिरवली. तासाभराने मूळ जागा कुठली होती तेही आठवत नाही. म्हणून साईटला हात लावण्यापूर्वी दोष खरोखर तिचाच आहे का, ते ठरवायचं.

पुढे ‘माशी’ म्हणजे नळीच्या तोंडाजवळची पुढची साईट आणि ‘खाच’ म्हणजे मागची साईट.

आधी कागद वाचा

रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा. नळी नव्हे, स्टॉकचा (रायफलच्या दस्त्याचा) पुढचा लाकडी भाग टेकवायचा; नळी टेकवली तर गोळ्या वर सरकतात आणि उगाच वेगळाच आजार दिसतो. एकाच डब्यातल्या पाच गोळ्या, एकाच बिंदूवर, मध्ये काहीही न फिरवता मारा. मग पाच मिनिटांनी आणखी पाच.

दोन्ही ग्रुप (छिद्रांचे पुंजके) घट्ट आणि एकाच जागी, फक्त मध्यापासून दूर पडले, तर दोष साईटचा किंवा नेम धरण्याच्या सवयीचा. छिद्रं सगळीकडे विखुरली असतील तर साईट फिरवून काहीच हाती लागणार नाही. काहीतरी सैल आहे किंवा मारणारा स्थिर नाही. एकाच कागदावर दोन वेगळे पुंजके दिसले तर साईट सैल असून दोन जागांवर उडी मारते आहे असा पहिला संशय घ्या, किंवा डब्यात दोन प्रकारच्या गोळ्या मिसळल्या आहेत. छिद्रं उभ्या रेषेत पसरली तर श्वास किंवा खाचेतली माशीची उंची दर वेळी बदलते आहे.

शक्य असेल तर दुसऱ्या सरावलेल्या व्यक्तीला त्याच रायफलने पाच गोळ्या मारू द्या. तिचा ग्रुप मध्यावर आला तर पेचकस परत पेटीत ठेवा.

नेमाची चूक किती महाग पडते ते एकदा आकड्यात पाहण्यासारखं आहे. माशी आणि खाच यांत ५०० मिलिमीटर अंतर आहे आणि लक्ष्य ५० मीटरवर आहे असं धरा. माशी खाचेत फक्त अर्धा मिलिमीटर एका बाजूला राहिली तर गोळी ५० मिलिमीटर बाजूला जाते. उलट माशी खाचेत अगदी मधोमध आहे, पण सगळा नेमच लक्ष्यावर ५ मिलिमीटर सरकला, तर गोळीही तेवढीच ५ मिलिमीटर सरकते. म्हणून नजर माशीवर स्वच्छ हवी. लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. गाल स्टॉकवर दर वेळी त्याच जागी टेकला नाही तर हीच अर्ध्या मिलिमीटरची चूक होते आणि दोष साईटच्या माथी जातो.

आणखी एक नेहमीचा घोटाळा: कोणी काळ्या गोलाच्या खालच्या कडेला माशी टेकवतं, कोणी मधोमध धरतं. ५० मीटरच्या स्पर्धेच्या लक्ष्याचा काळा गोल ११२.४ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे या दोन पद्धतींत ५६ मिलिमीटरचा उभा फरक पडतो. १० मीटरच्या एअर रायफलच्या लक्ष्यावर (काळा गोल ३०.५ मिलिमीटर) तो १५ मिलिमीटर होतो. रायफल एका पद्धतीवर बसवलेली असेल आणि तुम्ही दुसरी वापरत असाल, तर साईट निर्दोष आहे.

उन्हाचंही पाहा. गोल मण्याच्या माशीची उजवी बाजू उजेडाने चकाकत असेल तर डोळा त्या चकाकीलाच मध्य समजतो आणि गोळी डावीकडे जाते, म्हणजे उजेडापासून दूर. मेणबत्तीची काजळी माशीवर धरली की हा प्रश्न मिटतो. मार्करची शाई मात्र स्वतःच चकाकते.

सैल काय आहे ते शोधा

मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) उघडा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्याने आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा, बोल्ट उघडाच ठेवा. इथून पुढचं साईटवरचं सगळं काम याच अवस्थेत.

माशी आणि खाच अंगठ्याने आडव्या ढकलून पाहा. जाणवेल इतकी हालचाल म्हणजे खूप झाली. उंची बदलायची पायऱ्यांची पट्टी असेल तर ती एक पायरी घसरली नाही ना, ते बघा. गोळ्या अचानक वर किंवा खाली जाऊ लागण्याचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. मग स्टॉकचे स्क्रू. लाकडी स्टॉक दमटपणाने फुगून नळीला एका बाजूने दाबू शकतो. नळी मोकळी असायला हवी अशी रचना असेल, तर कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून सरकवून पाहा. ती अडली तिथे दाब आहे.

नळी मोडून भरायच्या एअर रायफलमध्ये बिजागरीचा बोल्ट तपासा. खाच नळीवर नसून मागच्या भागावर असेल, तर बिजागरीतली थोडीशी ढिलाईही गोळ्यांना खाली नेते. दोन्ही साईट नळीवरच असतील तर ढिलाईचा परिणाम बराच कमी होतो.

माशी तिरकी आहे का, हे ओळंब्याने कळतं. रायफल मऊ जबड्यांच्या व्हाईसमध्ये धरा, खाचेची वरची कड पाणपातळीने आडवी करा, समोर तीनेक मीटरवर ओळंबा सोडा आणि मागून पाहा. माशी दोऱ्याला समांतर दिसली पाहिजे. तिरकी माशी असलेली रायफल एका अंतरावर जुळवता येते, पण उंची बदलली की आडवी दिशाही बिघडते. बुडाची पिन सैल असेल तर ती नीट बसवता येईल. नळीच वेडीवाकडी बसवली असेल तर ते काम गनस्मिथचं.

किती सरकवायचं

दिशा: खाच तिकडे न्यायची जिकडे गोळी न्यायची आहे. माशी बरोबर उलटी. ग्रुप उजवीकडे असेल तर खाच डावीकडे किंवा माशी उजवीकडे. ग्रुप खाली असेल तर खाच वर किंवा माशी खाली.

माप: ग्रुपच्या मध्यापासून हव्या त्या बिंदूपर्यंतचं अंतर गुणिले दोन साईटमधलं अंतर, भागिले लक्ष्यापर्यंतचं अंतर. सगळं मिलिमीटरमध्ये. वरच्याच रायफलचा ग्रुप ५० मीटरवर ६० मिलिमीटर उजवीकडे आणि ४० खाली असेल, तर ६० × ५०० ÷ ५०,००० = ०.६ मिलिमीटर आडवं आणि त्याच हिशेबाने ०.४ मिलिमीटर उभं. इतकंसं अंतर अंदाजाने हातोडीचा घाव घालून साधत नाही, हे इथेच लक्षात येतं.

क्लिकची (टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्क्रूची) साईट असेल तर एका क्लिकला किती, ते स्वतः मोजा: एक ग्रुप मारा, २० क्लिक फिरवा, दुसरा मारा, दोन्हींमधल्या अंतराला २० ने भागा. उलट दिशेला फिरवताना आट्यांमध्ये मोकळीक असते. दोन-तीन क्लिक पुढे जाऊन परत या. जर्मन बनावटीच्या बऱ्याच साईटवर अक्षर गोळी ज्या बाजूला चुकते ती बाजू दाखवतं, दुरुस्तीची नव्हे. गोळी उजवीकडे लागत असेल तर ‘आर’कडे फिरवायचं. ग्रुप दुप्पट लांब गेला तर आधी हाच संशय घ्या.

एके-४७ धाटणीच्या रायफलमध्ये माशीचा एक पूर्ण फेरा १०० मीटरवर २० सेंटिमीटर उभा फरक करतो आणि माशीचं बूड १ मिलिमीटर आडवं सरकवलं की २६ सेंटिमीटर. माशी आत फिरवली की गोळी वर.

डव्हटेलमधली साईट सरकवणं

डव्हटेल म्हणजे साईट जिच्यात आडवी सरकते ती तिरक्या कडांची चर.

१. आधी छुपा स्क्रू किंवा पिन शोधा. वरून रंग किंवा ग्रीस साचून ती दिसेनाशी होते, आणि ती न काढता ठोकलं की डव्हटेलची कड फाटते.

२. साईट आणि तिचं बूड (ती बसते तो स्थिर भाग) यांच्यावरून बारीक टोकाच्या पेन्सिलने एक सरळ रेघ ओढा. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) साईटच्या कडेपासून बुडाच्या कडेपर्यंतचं माप लिहून ठेवा.

३. नळीला साईटच्या अगदी खाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्या. आधाराविना ठोकलेला घाव नळी आणि स्टॉक खातात, साईट हलत नाही.

४. पितळी पंच साईटच्याच तळाच्या भागाला लावा, वरच्या पात्याला कधीच नाही, पातं वाकतं. लहान हातोडीने हलके ठोके द्या आणि दर दोन ठोक्यांनी माप घ्या.

५. अजिबात हलत नसेल तर झिरपणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. जोर वाढवणं हा शेवटचा उपाय.

उलटा त्रास म्हणजे साईट बोटानेही सरकणं. ती काढा, डव्हटेलच्या तळावर सेंटर पंचने तीन-चार बारीक ठिपके उठवा म्हणजे धातू किंचित वर येऊन पकड घेतो. वरच्या कडा ठोकून आवळू नका, त्या खुणा जन्मभर दिसतात. शेवटी मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, पण नेम जुळल्यानंतरच.

माशीची उंची कानशीने कमी करायची असेल तर गोळ्या खाली लागत असतानाच. माशी घासली की गोळी वर जाते, आणि घासलेलं परत येत नाही. हिशेबात ०.४ आलं तर आधी ०.३ घासा, पाच गोळ्या मारा, मग उरलेलं. वरची कड सपाट आणि आडवी ठेवा, काठ गोल झाला की पुन्हा चकाकीचा त्रास. उघड्या धातूला ब्लूइंग (धातू काळपट करणारं रसायन) लावा.

जुळल्यावर दहा गोळ्यांचा एक ग्रुप मारून खात्री करा, कागदावर गोळीचा प्रकार, अंतर आणि तारीख लिहा आणि साईट-बुडावरून पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी गोळ्या बाजूला गेल्या तर आधी ती रेघ बघायची. ती अखंड असेल तर पुन्हा कागदापासून सुरुवात.