52 सेकंदांत राष्ट्रगीत: आमच्या चाळीची तालीम

गिरगावातल्या आमच्या चाळीत 15 ऑगस्टला राष्ट्रगीत बसवायचं काम माझ्याकडे असतं. तुमच्याकडे असेल, तर पहिली गोष्ट: स्पीकर बंद ठेवा. आमच्याकडे एकदा मोबाइलवरून राष्ट्रगीत लावलं. झेंडा फडकला, फुलं पडली, सगळे सावधान उभे, आणि आधी साबणाची जाहिरात लागली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हापासून आम्ही स्वतः गातो.

सूर आधी ठरवा. गाण्याची चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) 'नी'पासून तार (वरच्या सप्तकातल्या) 'सा'पर्यंत जाते. उत्साहात कुणी वरच्या पट्टीत सुरू केलं, की 'जय हे'ला पुरुषांचे आवाज फाटतात आणि पोरं गप्प होतात. मी पेटीवर काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, 'सा' धरते, त्यात लहानथोर सगळे सामावतात.

मग वेळ. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे 52 सेकंद लागायला हवेत. आमची पहिली तालीम नेहमी 70च्या घरात जाते, कारण 'विंध्य हिमाचल यमुना गंगा' इथे सगळे रेंगाळतात. चार-चार मात्रांची टाळी धरून गाऊन घ्या आणि घड्याळ एखाद्या पोराच्या हातात द्या. पहिली आणि शेवटची ओळ एवढंच छोटं रूपही आहे, 20 सेकंदांचं, पण ते ठरावीक प्रसंगांसाठी. झेंड्यापुढे पूर्णच गावं.

अर्थ सांगितल्याशिवाय पाठ करून घेऊ नका. दुसऱ्या मजल्यावरच्या एका चिमुरडीने मला विचारलं होतं, "आजी, 'शुभ आशिष मागे' म्हणजे मागे कोण उभं असतं?" शब्द बंगाली वळणाचे आहेत. 'मागे' म्हणजे मागतो, 'गाहे' म्हणजे गातो. हे कळल्यावर तिचा आवाजच बदलला.

मुलांना गोष्टही सांगा. रवींद्रनाथांचं हे गीत 27 डिसेंबर 1911ला काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात पहिल्यांदा गायलं गेलं. मूळ कडवी पाच, राष्ट्रगीत त्यातलं पहिलं. 1947मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं, तेव्हा अजून काहीच ठरलेलं नव्हतं. जवळ 'जन गण मन'ची रेकॉर्ड होती, ती दिली. तिथल्या वाद्यवृंदाने वाजवलेली धून लोकांना फार आवडली. पुढे 24 जानेवारी 1950ला राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत निवेदन करून ते जाहीर केलं, मतदान झालं नाही. 'वंदे मातरम्'ला तेवढाच मान राहील, हेही त्याच निवेदनात होतं.

कुणावर जबरदस्ती नको. गुडघे धरलेल्या आजोबांना गॅलरीत खुर्चीवर बसू द्या. एखादा गात नसेल, पण आदराने उभा असेल, तर तो अपमान नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1986मध्ये केरळच्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात सांगितलं आहे. 1971चा कायदा मुद्दाम गायन थांबवणाऱ्यांसाठी किंवा त्यात गोंधळ घालणाऱ्यांसाठी आहे.

त्या दिवशी झेंडा फडकल्याबरोबर पेटीवर 'सा' द्या, "एक साथ राष्ट्रगीत शुरू कर" म्हणा आणि लगेच गायला लागा. सर्वांत जास्त तालीम शेवटच्या 'जय जय जय जय हे'ची घ्या. तो 'हे' 'सा'वर उतरत नाही, 'म'वर जाऊन थांबतो. दमलेले गळे तिथे खाली घसरतात. तो 'म' शेवटपर्यंत भरून धरा, भात्यातली हवा संपू द्या, मगच "भारतमाता की जय" म्हणा.