प्रोजेक्टसाठी साइट निवडताना या चुका टाळा

सत्र संपत आलं की भूगोलाचे आणि अर्थशास्त्राचे प्रोजेक्ट तपासायला येतात आणि पहिल्या काही पानांतच एक वाक्य हमखास भेटतं: ‘2021 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या अमुक आहे.’

2021 ची जनगणना झालेलीच नाही. कोविडमुळे ती पुढे ढकलली गेली. आता नव्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक ठरला आहे. तोवर आपल्याकडे शेवटची पूर्ण जनगणना आहे ती 2011 ची.

मग हे आकडे येतात कुठून? नावात ‘सेन्सस’ असलेल्या खासगी साइट्सवरून. 2011 चा आकडा घ्यायचा, त्याला वाढीचा दर लावायचा आणि येईल ते उत्तर 2021, 2024, 2025 अशा मथळ्यांखाली छापायचं, ही त्यांची रीत. ‘अंदाजे’ हा शब्द पानावर कुठेतरी बारीक अक्षरात असतो. घाईतला विद्यार्थी ठळक आकडा उचलतो आणि संदर्भसूचीत ‘भारत सरकार, जनगणना’ असं लिहून मोकळा होतो. आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. न झालेल्या जनगणनेचा हवाला दिला की मात्र अख्ख्या प्रोजेक्टवरचा विश्वास उडतो, आणि परीक्षकानं तो का ठेवावा?

म्हणून आधी पत्त्याचा शेवट वाचा. जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन सरकारी संस्थांनाच मिळतं. एसी डॉट इन शिक्षणसंस्थांसाठी असतं. डॉट कॉम, डॉट इन, को डॉट इन कुणीही विकत घेऊ शकतो. डॉट ओआरजी दिसलं की ‘संस्था आहे, म्हणजे भरवशाची’ असं पुष्कळांना वाटतं, पण तेही पैसे भरले की मिळतं.

आकडा बरोबर, निष्कर्ष चूक

एका विद्यार्थिनीनं ठाणे जिल्ह्यातल्या स्थलांतरावर प्रोजेक्ट घेतला होता. मुलगी कष्टाळू, अक्षर सुरेख, आलेख हातानं काढलेले. तिला एका साइटवर जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148 मिळाली आणि दुसऱ्या साइटवर 80,70,032. दुसऱ्या आकड्यापुढे वर्ष नव्हतं. तिनं पहिला 2011 चा धरला आणि दुसरा ‘अलीकडचा’. वजाबाकी केली आणि लिहिलं, की जिल्ह्यातून जवळजवळ 30 लाख लोक बाहेर गेले. मग त्याची कारणंही सापडली. बंद पडलेले कारखाने, घरांच्या किमती, पाणीटंचाई, सगळ्याला कुठल्या ना कुठल्या साइटचा आधार. एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

दोन्ही आकडे 2011 चेच होते आणि दोन्ही बरोबर होते. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले आणि त्यांच्याबरोबर 2011 च्या मोजणीतली 29,90,116 माणसं. माणसं जागची हलली नव्हती, जिल्ह्याची हद्द हलली होती. पहिल्या साइटनं जुना जिल्हा दिला होता, दुसरीनं नवा, आणि तसं सांगायची तसदी दोघींनीही घेतली नव्हती.

ज्या कल्याण, भिवंडी, अंबरनाथमध्ये जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती उभ्या राहताहेत, तिथून 30 लाख लोक निघून गेले हे तिला खटकायला हवं होतं. पण वजाबाकी बरोबर येत होती, म्हणून शंका आली नाही. सबमिशनच्या आधल्या आठवड्यात ते प्रकरण काढून नव्यानं लिहावं लागलं. तिचा रडवेला चेहरा आठवला की अशा साइट्सचा मला राग येतो.

माझी सवय सांगते. कुठल्याही जिल्ह्याचा आकडा हाती आला की आधी तो जिल्हा कधी झाला ते बघते. जालना आणि सिंधुदुर्ग 1981 चे, लातूर आणि गडचिरोली 1982 चे, नंदुरबार आणि वाशिम 1998 चे, हिंगोली आणि गोंदिया 1999 चे. दोन जनगणनांची तुलना करायची असेल तर 2011 ची जिल्हा जनगणना पुस्तिका उघडून तालुक्यांची बेरीज स्वतः करते. एक संध्याकाळ जाते, पण तो आकडा कुणीही विचारला तरी समजावून सांगता येतो. ही संध्याकाळ वाचवायला बघणाऱ्यांचं मला नवल वाटतं. चुकीचं प्रकरण लिहायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

‘मॅडम, पाच साइट्सवर तेच आहे’

पाच साइट्सवर तेच असेल, तर बहुधा चौघांनी एकाचं उतरवलेलं असतं. महाराष्ट्राची 2011 ची साक्षरता शोधून बघा. ढीगभर ठिकाणी 82.91 टक्के मिळेल. तो 2011 च्या मार्चअखेर जाहीर झालेला हंगामी आकडा. अंतिम आकडा 82.34 आहे. हंगामी आकडा आधी आला, सगळीकडे चिकटवला गेला आणि पुढे तो बदलायला कुणी फिरकलं नाही. साइट्स मोजू नका, त्यांनी तो आकडा कुठून घेतला ते शोधा. मूळ सापडत नसेल तर तो आकडा वापरू नका.

साइटवरचं ‘आमच्याविषयी’ हे पान वाचून भरवसा ठेवणारेही असतात. स्वतःविषयी वाईट कोण लिहील? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस हे तिघे साइट कशी पारखतात ते पाहिलं. तपासनीस साइटवर रेंगाळत नव्हते. ते लगेच नवे टॅब उघडून तिच्याविषयी बाकीचे काय म्हणतात ते बघत होते आणि त्यांचंच उत्तर लवकर आणि नेमकं येत होतं. हे शिकायला पैसे लागत नाहीत.

पानाच्या तळाशी चालू वर्ष दिसलं म्हणजे मजकूर ताजा असतो, असंही नाही. ते वर्ष बहुतेक ठिकाणी आपोआप बदलतं.

विकिपीडिया वाचा, खुशाल वाचा, पण खालच्या संदर्भावर टिचकी मारून मूळ दस्तऐवजापर्यंत जा आणि संदर्भ त्याचा द्या. मराठी विश्वकोशातल्या नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आहेत, पण बऱ्याच जुन्या आहेत. संकल्पनेसाठी उत्तम, चालू आकडेवारीसाठी नाही.

चॅटबॉटनं दिलेला संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय लिहू नका. नसलेले शोधनिबंध तो बिनदिक्कत रचतो.

धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर यांची माहिती जुन्या नावांनीही शोधा. 2011 ची सगळी कागदपत्रं उस्मानाबाद, औरंगाबाद, अहमदनगर याच नावांनी आहेत.

आणि पान सापडलं की तिथल्या तिथे पीडीएफ करून ठेवा, पाहिल्याची तारीख लिहा. सरकारी साइट्सची रचना बदलली की जुने दुवे उघडत नाहीत आणि तोंडी परीक्षेत ‘तेव्हा होतं’ हे उत्तर चालत नाही. एखादी गोष्ट ऑनलाइन मिळालीच नाही, तर विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जिल्हा सांख्यिकी कार्यालयात जा आणि ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ मागा. त्यात तालुकावार तक्ते असतात आणि प्रत्येक तक्त्याखाली आकडा कुठल्या खात्यानं दिला तेही छापलेलं असतं.