वाफेच्या इंजिनाचा मॉडेल लेआउट: खानदेशात बांधताना या चुका टाळा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे फळीवर बांधलेल्या छोट्या रेल्वेवर, इंजिन अडखळलं की पहिला संशय इंजिनावरच जातो. ते उलटं करून खोललं जातं, मोटरमध्ये तेल सोडलं जातं आणि धडधाकट यंत्र कायमचं बिघडतं. खरं तर बहुतेक वेळा दोष रुळात, तारेत किंवा खालच्या फळीत असतो. वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलवर तो लवकर दिसतो, इतकंच. डिझेल इंजिनाच्या मॉडेलला दोन्ही बोगींच्या (खालच्या फिरत्या चाकगाड्यांच्या) सगळ्या चाकांतून वीज मिळते आणि बोगी वळणाबरोबर फिरतात. वाफेच्या इंजिनाची मोठी चाकं मात्र एकाच ताठ चौकटीत बसवलेली असतात, पुढची छोटी चाकं वजनाने हलकी असतात आणि बऱ्याच मॉडेलांत निम्मी वीज टेंडरकडून (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याकडून) येते. डिझेल ज्या खाचेवरून मुकाट्याने जातं, तिथे हे इंजिन उतरतं.

म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी दोष कुठे आहे ते ओळखा. इंजिन दर फेरीला एकाच जागी थांबत असेल तर रूळ किंवा जोडणी तपासा. कुठेही थांबत असेल तर चाकांवरची काजळी आणि वीज उचलणाऱ्या पत्त्या पाहा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच झटका बसत असेल तर दोष साइड रॉडमध्ये (मोठी चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यांत), चाकांच्या कोनात किंवा तडकलेल्या गिअरमध्ये असतो. एकच डबा सगळीकडे रुळावरून घसरतो? मग त्याची चाकं मोजा. सगळेच डबे एका सांध्यावर घसरतात? मग सांधा दुरुस्त करा. एवढी विभागणी केली तरी निम्मं काम झालं.

मापाची निवड घाईत करू नका

एचओ म्हणजे १:८७ हे माप सगळ्यात सोयीचं, कारण त्यात सुटे भाग जास्त मिळतात. त्याचा रूळ १६.५ मिमी रुंद असतो. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची आहे. १:८७ ने ती १९.३ मिमी भरते, म्हणजे बाजारातल्या एचओ रुळावर भुसावळचं कुठलंही इंजिन थोडं अरुंद पायावर उभं राहणार. डब्ल्यूपी किंवा डब्ल्यूजी ही ब्रॉडगेजची वाफेची इंजिनं करायची असतील तर हे स्वीकारा. त्यासाठी रूळ स्वतः घडवण्याच्या मागे नवशिक्याने लागू नये.

खानदेशच्या माणसाने खरं तर पाचोरा–जामनेर नॅरोगेजचा आधी विचार करावा. या ‘पीजे’चा रूळ ७६२ मिमीचा होता. १:८७ ने तो ८.७६ मिमी येतो आणि एन या आणखी लहान मापाचा रूळ असतो ९ मिमी. मेळ जवळजवळ पक्का बसतो. एन मापाची चालती चौकट घेऊन तिच्यावर १:८७ चा बॉयलर आणि कॅब चढवता येते. गाडी छोटी, वळणं घट्ट चालतात, आणि शेंदुर्णी किंवा पहूरसारखं स्टेशन दीड मीटर लांब फळीवर मावतं. एकच खबरदारी: साधा एन रूळ वापरलात तर त्याचे स्लीपर फार जवळजवळ दिसतात. नॅरोगेजसाठी वेगळा, विरळ स्लीपरांचा ९ मिमी रूळ मिळतो, तो घ्या. नाहीतर साध्या रुळाचे स्लीपर खडीखाली निम्मे झाका.

फळी, पत्रा आणि मे महिना

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. हिवाळ्यात सकाळी रूळ टाकले आणि सांधे गच्च जोडले तर उन्हाळ्यात रूळ बाजूला फुगतो. निकेल-सिल्व्हरचा रूळ तापमान ३० अंशांनी वाढलं की दर मीटरला सुमारे अर्धा मिमी लांबतो. थंडीत काम करत असाल तर सरळ भागात प्रत्येक ९० सेंमीच्या तुकड्यानंतर जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा. मे महिन्यात टाकत असाल तर फट नको. वळणावरचे सांधे मात्र डाग देऊन (सोल्डर करून) पक्के करा, नाहीतर तिथे कोपरा पडतो.

फळीचा त्रास उन्हापेक्षा ओलीने जास्त होतो. साध्या कमर्शियल प्लायची फळी पावसाळ्यात फुगते आणि दिवाळीनंतर सुकताना वाकते. १२ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय घ्या, खाली दर ४० सेंमीवर आडवी पट्टी द्या आणि कडांसकट सगळ्या बाजूंना प्रायमर मारा. कडा सोडल्या तर ओल तिथूनच शिरते. धाब्याच्या खोलीत थंडावा चांगला, पण वरून माती झरते. लेआउटवर कापड ताणून छत करा आणि पाय भिंतीपासून दूर ठेवा, वाळवी भिंतीतून येते.

थ्रीडी प्रिंटरवर पूल किंवा शेड बनवून घेत असाल तर पीएलए हे प्लास्टिक टाळा. तो ५५ ते ६० अंशांना मऊ पडतो. उन्हात उभ्या गाडीत किंवा तापलेल्या पत्र्याखाली पूल मधोमध लोंबतो. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक सुमारे ८० अंशांपर्यंत टिकतं. ग्लू गनने चिकटवलेली झाडंही याच कारणाने उन्हाळ्यात आडवी होतात.

वळण आणि चढ: इथे कागदावरच हिशोब करा

आठ बाय चारची एक फळी, तिच्यावर अंडाकृती मार्ग आणि त्यालाच ओलांडणारा पूल हे बहुतेकांचं पहिलं स्वप्न. त्याचा हिशोब असा. फळीची रुंदी १२२ सेंमी. कडेला पाच सेंमी सोडले तर वळणाची त्रिज्या जास्तीत जास्त ५६ सेंमी. लांब ताठ चौकटीच्या इंजिनाला ती कशीबशी पुरते, ४५ सेंमीवर बरीच मोठी इंजिनं चाक उचलतात. पूर्ण फेरी भरते सुमारे सहा मीटर. आता एका रुळावरून दुसरा न्यायचा तर खालच्या गाडीला ७५ मिमी मोकळी जागा, वर पुलाची जाडी आणि रूळ, मिळून ८५ मिमी चढावं लागतं. दोन टक्के चढाने त्याला सव्वाचार मीटर लागतात आणि उतरायला तितकेच. साडेआठ मीटर सहा मीटरमध्ये बसत नाहीत. म्हणून लोक चढ चार टक्के करतात. मग चार डबे जोडले की इंजिनाची चाकं जागीच फिरतात, कारण वळणाचं घर्षणही त्या चढात भर घालतं.

यावरचा उपाय आपल्या जमिनीतच आहे. रूळ वर नेऊ नका, जमीन खाली न्या. काळ्या रानातला नाला किंवा तापीचं पात्र फळी कापून दहा-बारा सेंमी खाली बांधा आणि रूळ सपाट पुलावरून न्या. चढ शून्य, आणि देखावा खानदेशचा.

दोन उलट वळणं एकमेकांना चिकटवणं ही दुसरी मोठी चूक. मध्ये किमान तुमच्या सर्वांत लांब डब्याएवढा सरळ रूळ हवा, नाहीतर कपलर (डबे जोडणारे आकडे) एकमेकांना बाजूला ओढतात.

वीज

रुळांचे जोडपट्टे वीज नेण्यासाठी नाहीत, रूळ एका रेषेत धरण्यासाठी आहेत. सुरुवातीला त्यांतून वीज जाते, सहा महिन्यांत धूळ आणि गंज बसतो आणि लेआउटच्या लांबच्या टोकाला इंजिन मंदावतं. फळीखालून १.५ चौरस मिमीच्या दोन मुख्य तारा फिरवा, एक लाल, एक काळी. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला ०.५ चौरस मिमीची बारीक तार डाग देऊन त्यांना जोडा. डाग देताना २५ वॉटचं कमजोर सोल्डरिंग आयर्न घेऊ नका. ते रूळ तापवायला वेळ लावतं आणि तेवढ्यात स्लीपर वितळतात. ५०-६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ०.८ मिमीची ६०/४० (कथील-शिसं) सोल्डर तार, रोझिन फ्लक्स, आणि दोन-तीन सेकंदांत काम. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवा.

डीसीसी, म्हणजे कमांड स्टेशनकडून रुळांतूनच इंजिनाला डिजिटल आदेश देणारी पद्धत, असेल तर ठिकठिकाणी रुळांवर नाणं आडवं टाकून शॉर्ट करा. प्रत्येक जागी कमांड स्टेशन ताबडतोब बंद पडलं पाहिजे. एखाद्या जागी ते चालूच राहिलं तर तिथली तार बारीक आहे, आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी तिथेच डबा वितळेल. लोडशेडिंगनंतर वीज झटक्याने येते, म्हणून वीज गेल्यावर कंट्रोलरचा प्लग काढायची सवय लावा किंवा तो यूपीएसवर ठेवा.

टर्नआउटच्या (जिथे एका मार्गाचे दोन होतात त्या जोडणीच्या) प्लास्टिकच्या फ्रॉगवर, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर, छोटं इंजिन थांबत असेल तर वेग वाढवणं हा उपाय नव्हे. टेंडरच्या सगळ्या चाकांना फॉस्फर ब्राँझच्या पत्त्या लावा आणि टेंडर ते इंजिन वीज दांडीतून न नेता दोन मऊ, बारीक तारांनी न्या. त्या इतक्या सैल हव्यात की वळणावर टेंडरला उचलणार नाहीत.

चाकं आणि दांडे

डिजिटल व्हर्निअर घ्या. एचओमध्ये चाकांच्या आतल्या दोन पाठींमधलं अंतर सुमारे १४.४ मिमी हवं. ते कमी असेल तर चाक टर्नआउटच्या गार्ड रेलवर चढतं. जास्त असेल तर फ्रॉगच्या टोकाला धडकतं. डबा हलका असेल तरी घसरतो: २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम, हा रूढ हिशोब. सहा इंची डब्याला ११२ ग्रॅम. वजन तळाशी लावा, छताला नाही.

दर फेऱ्याला झटका बसत असेल तर मोटर सोडवून इंजिन काचेवर हाताने ढकला. तरीही अडकत असेल तर दोष दांड्यांत आहे. दोन बाजूंचे क्रँक एकमेकांपासून ९० अंशांवर असतात, आणि सगळ्या जोड्यांत तो कोन सारखाच हवा. एक चाक आसावर जरासं फिरलं तरी दांडे आवळतात. दांड्याचं भोक मोठं करून हा दोष झाकला जातो, पण तसं करू नका. त्याने इंजिन लंगडतं आणि आवाज करतं. चाक पुन्हा कोनात बसवा.

तेलाच्या बाबतीत ठाम सांगतो: खोबरेल नको. ते २४-२५ अंशांखाली गोठतं आणि डिसेंबरच्या सकाळी गिअर जाम होतात. शिलाई मशीनचं तेल काही प्लास्टिकला तडे देतं. प्लास्टिकला चालणारं हलकं तेल टाचणीच्या टोकावर घ्या, प्रत्येक आसाला एक थेंब. रुळावर एकही नको. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्यांचं कापड वापरा. पॉलिश पेपरने चरे पडतात आणि काजळी त्यांतच साठते.

कापूस वेचणीच्या दिवसांत हवेतली रुई आसांना गुंडाळते. जिनिंग जवळ असेल तर दर महिन्याला चिमट्याने ती काढा आणि खेळ संपला की लेआउट झाकून ठेवा.

काळी माती आणि खडी

शेतातली खरी काळी माती वापरायचा मोह सगळ्यांना होतो आणि तो योग्यच आहे, दुसऱ्या कशालाही तो रंग येत नाही. पण ती तशीच गोंदात कालवली तर सुकताना फुटते, कारण ती फुगणाऱ्या चिकणमातीची आहे. आधी फळीवर काळसर तपकिरी रंग द्या, वर पातळ फेविकॉल लावा आणि चाळलेली माती अर्धा मिमीहून जाड पडू देऊ नका. भेगाळलेलं उन्हाळी रान हवं असेल तर मात्र जाड थर द्या, भेगा आपोआप मिळतील.

त्याआधीची पायरी कधीच गाळू नका: माती आणि काळ्या दगडाची कच कागदावर पसरून तिच्यावरून जोरदार चुंबक फिरवा. दख्खनच्या बेसाल्टात मॅग्नेटाइट असतं. ते कण मोटरचं चुंबक ओढून घेतं, आणि मोटर घासून जाते. चुंबक कागदाच्या पिशवीत ठेवून तीन-चार वेळा फिरवा. खडीचं मापही पाहा. खरी खडी ५० मिमीच्या आसपासची, १:८७ ने ती अर्ध्या मिमीहून किंचित मोठी. चहाच्या बारीक गाळणीतून पडेल तीच घ्या. एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. आधी साबणाचं पाणी फवारा, मग ड्रॉपरने गोंद सोडा. हे सकाळी करा, दुपारच्या झळांत पाणी मुरायच्या आधीच उडतं.

झाडांची उंची मोजल्याशिवाय करू नका. तीन मीटरची केळी साडेतीन सेंमी होते, मीटरभर उंच कपाशी जेमतेम ११ मिमी, माणूस १९ मिमी. केळीचा बाग रुळाला लागून लावताना पानं गाडीला घासत नाहीत ना, ते सर्वांत रुंद डबा हाताने फिरवून पाहा.

रंग, धूर आणि वेग

शुद्ध काळा रंग छोट्या इंजिनावर खोटा दिसतो आणि रिव्हेट, पाइप सगळं गिळून टाकतो. गडद राखाडी द्या, बॉयलरच्या वर किंचित फिकट, चाकांजवळ धुळीचा तपकिरी हात. पावसाळ्यात स्प्रे लॅकर मारू नका, ओल्या हवेत तो पांढुरका पडतो. उन्हाळ्यात ॲक्रिलिक ब्रशवरच सुकतो, त्यात रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव) घाला.

धुराच्या यंत्रात त्याचंच द्रव, तेही बाटलीवर लिहिलेले थेंब मोजून. रॉकेल किंवा अगरबत्तीचं तेल धोक्याचं आहे. द्रव संपल्यावर यंत्र चालू राहिलं तर तार जळते. जास्त भरलं तर धूर येतच नाही, तेल रुळावर उडतं आणि चाकं घसरतात.

ध्वनी डीकोडर (इंजिनात बसवलेली, आवाज काढणारी चिप) असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला चार फुसकारे आले पाहिजेत, दोन सिलिंडरांच्या इंजिनाचा तोच हिशोब. वेगही मोजा: एक मीटर आठ सेकंदांत म्हणजे १:८७ ने ताशी ४० किमी. ‘पीजे’सारख्या गाडीला सोळा सेकंद लागू द्या. सोळा सेकंदांना इंजिन न थांबता फिरलं, तर फळीखालच्या तारा आणि चाकांचे कोन दोन्ही बरोबर आहेत.